बुरुलची उलटी किनार

आणि तो कागद तिनं सरळ चुलीत घातला. काल इथंच थांबलो होतो आपण, कारण तुमच्यापैकी कुणाची तरी मेंढरं माझ्या बटाट्यांत शिरली. बटाटे गेले ते गेले, गोष्ट तरी पुरी करू.

तर चुलीत घातला. चांगला मोठा, पांढराशुभ्र कागद. आयपेरीनं नारिन शहरातून गुंडाळी करून, मांडीवर धरून, चार तासांच्या गाडीत एक सुरकुती न पाडता आणलेला. आयपेरी म्हणजे सुलतानकुलची धाकटी सून. शाळेत पोरींना शिवणकाम शिकवते आणि आमच्या तेरेक-बाशीतल्या अकरा बायकांचा नमद्याचा गट चालवते. पोरगी गुणी आहे, फक्त तोंडातून शब्द जसा येतो तसा बाहेर सोडते. बुरुलला म्हणाली, "एजे, तुमच्या सगळ्या नक्ष्या एकदा या कागदावर काढून द्या. उद्या तुमचे डोळे गेले तर आम्ही काय करायचं?"

आता हे असं कुणाच्या तोंडावर म्हणायचं असतं का?

बुरुलनं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, कौतुकानं मान हलवली, आणि चुलीचं झाकण उघडून आत सारला. वर किटली ठेवली. म्हणाली, "माझे डोळे गेले तर तुझ्या सासूचे आणून बसवीन. नाहीतरी तिचे दुसऱ्यांच्याच घरात असतात."

मी तिथंच होतो. हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखल्या. आयपेरी मात्र रडकुंडीला आली होती, आणि ते बुरुलनंही पाहिलं असावं, कारण नंतर तिनं त्या पोरीला जर्दाळूचा मुरंबा बशीभर वाढला आणि बळंच खायला लावला. कागदाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

बुरुल ही माझ्या धाकट्या भावाची, सापारची बायको. सापार जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा बिश्केकला, मुलगी ओशला, दोघंही फोनवर गोड बोलतात. ती एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून आमच्या घरात आली. आमच्याकडं सुनेनं नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव घ्यायचं नसतं, स्वतःच काहीतरी नाव ठेवायचं असतं. मी तेव्हा संध्याकाळी दारात बसून म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तेवढ्यावरून तिनं माझं नाव ठेवलं 'मास्तर'. गावच्या शाळेत आठ यत्ता शिकलेला मी, आयुष्यभर मास्तर झालो. आता तुम्हीही तेच म्हणता, आणि माझं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.

बुरुलचं काम कापायचं. नमदा सगळ्यांना करता येतो. लोकर पिंजायची, चटईवर पसरायची, उकळतं पाणी ओतायचं, गुंडाळी करून गावभर दोरीनं ओढत न्यायची आणि लाथांनी तुडवायची. त्यात पोरंटोरं, म्हातारे, सगळे असतात, मीसुद्धा लाथा घालतो. रंगवायलाही येतं, शिवायलाही येतं. पण दोन रंगांचे दोन नमदे एकावर एक ठेवून, सुऱ्याच्या टोकानं दोन्ही एकदम कापायचे, हे शंभरात एखादीला जमतं. एका कापण्यात दोन बैठकी जन्माला येतात. लाल नमद्यातली शिंगं काळ्यात बसवायची, काळ्यातली लालमध्ये. जोडीतली एक लेकीबरोबर सासरी जाते, दुसरी आईकडं राहते. या नक्षीच्या बैठकीला शिर्डाक म्हणतात. सुरा चुकला तर दोन्ही घरांत चुकतो, म्हणून कापणारीचा मान मोठा.

आणि मान म्हणजे नुसता शब्दाचा नाही हं. ज्या घरी कापणं असतं तिथं सकाळीच कुणीतरी बोलवायला येतं. बुरुल डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून निघते. वरच्या, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवतात. आधी दुधाचा खारा चहा, कणकेचे तळलेले गरम बोरसोक आणि साय, मग काम, मग मटण. नळीचं हाड तिला. ते हाड ती बशीवर आपटून आतला मऊ मगज काढते, अर्धा घरातल्या सर्वांत लहान पोराला देते आणि अर्धा डोळे मिटून खाते. तेव्हा तिच्या तोंडाकडं पाहावं! मग गप्पा. कोणाच्या घोडीला काय झालं, कोणाच्या सुनेनं कणकेत मीठ दोनदा घातलं. अंधार पडायच्या आत घरी. वर्षातून अशी तीस-पस्तीस घरं. उरलेले दिवस ती एकटी, एक मांजर, आणि रेडिओ.

म्हणून मी आयपेरीला बाहेर गाठून म्हणालो, "पोरी, तू तिच्याकडं कागद मागत नाहीयेस. तिची तीस-पस्तीस जेवणं मागतेयस."

ती गोंधळली. "आके, मी तर नक्षी जपायला निघालेय."

"नक्षी जपली जाईल गं. पण कागद मिळाल्यावर तिला बोलवायला कोण येणार?"

 पुढच्या आठवड्यातच तिनं ताश-रबातची सहल काढली आणि पहिलं नाव बुरुलचं घातलं. एवढी समज तिला आहे.

सहलीचं सांगण्याआधी एक कबुली द्यावी लागेल, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

शिर्डाकच्या चारी बाजूंनी जी किनार असते ना, एकामागं एक वळलेल्या शेपट्यांची, ती सगळ्या खोऱ्यात सूर्याच्या चालीनं फिरते. फक्त आमच्या गावात उलटी. बुरुल कापते म्हणून उलटी, आणि बुरुल माझ्या आईकडून शिकली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बिश्केकहून एक बाई असल्या जुन्या गोष्टी लिहून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "आजोबा, तुमच्याकडंच उलट का?" आता मला काय ठाऊक! पण वही उघडून, पेन धरून, कुणी माझ्या तोंडाकडं बघत बसलं की मला गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, "आमची आई म्हणायची, सूर्याच्या चालीची किनार पाहुण्याला पाठ दाखवून जाते. आमची सामोरी येते, स्वागताला." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लिहून घेतलं.

बुरुल चहा ओतत होती. तिनंही ऐकलं. सासूनं आपल्याला हे कधी सांगितलं नाही, पण मुलाला सांगितलं असेल, असं तिला वाटलं. तेव्हापासून प्रत्येक घरी कापायला बसली की ती नव्या पोरींना सांगायची, "आमच्या सासूबाईंची चाल ही. पाहुण्याला सामोरी जाणारी. एक टाकाही मी बदललेला नाही." मी ऐकायचो आणि खिडकीबाहेर बघायचो.

तर ताश-रबात. तुम्ही सगळे तिथं गेलेला आहात, लहानपणी शाळेतून, मोठेपणी पाहुण्यांना घेऊन. दगडी सराय, थंडगार, वर घुमट. सप्टेंबर होता, गवत पिवळं पडलं होतं, ओढ्याच्या काठाला पहाटेचं पातळ बर्फ. अकरा बायका, ड्रायव्हर आणि मी. मला घेतलं कढई उचलायला. गाडीत तासभर गाणी झाली, मग तासभर शेकेरच्या होणाऱ्या विहिणीची निंदा झाली. शेकेर म्हणजे आमच्या वरच्या आळीतली, तिच्या मुलीचं लग्न ऑक्टोबरच्या शेवटी ठरलं होतं. तिचे नमदे तयार होते, फक्त बुरुलनं कापायचे राहिले होते.

सरायीत सगळ्या फिरल्या. प्रत्येकीनं काळोख्या खोलीत तोंड घालून "ए" म्हणून आवाज काढला, आतून आवाज आला की खिदळल्या. पन्नाशीच्या बायका! बुरुल भिंतीला हात लावत चालली होती. एका जागी थांबून म्हणाली, "मास्तर, हे दगड कुणी रचले असतील त्याला दुपारी जेवायला काय मिळत असेल हो?" तिचा प्रश्न नेहमी असाच. मी म्हणालो, "मेंढीच असणार." ती म्हणाली, "आणि नळीचं हाड मुकादमाला!"

बाहेर ओढ्याकाठी कढई चढली. कांदा, मटण, बटाटे परतले. आयपेरीनं घरून थराच्या पोळ्या आणल्या होत्या, मधल्या थरांत कांदा आणि चरबी. तेवढ्यात वारा सुटला आणि राख उडायला लागली. सरायीची देखभाल करणारा माणूस तिथंच नमद्याच्या गोल तंबूत राहतो. त्याची बायको उपेल दारातून ओरडली, "अगं, राख खायला आलात का? आत या, कढई घेऊन या!"

आत गेलो. कढई मध्ये ठेवली, भोवती बसलो. बुरुलला वर बसवायला लागले तर ती म्हणाली, "आज मी कापायला आलेली नाही, सहलीला आलेय," आणि सवयीनं दाराजवळ बसली. तिथं खाली एक जुनं शिर्डाक होतं, रंग उडून लालचा विटकरी आणि काळ्याचा तपकिरी झालेला. तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि तिचा हात हवेतच राहिला.

"मास्तर, हा कोपरा बघा."

कोपऱ्यात कावळ्याचा पंजा कापलेला होता. बाकी तीन कोपऱ्यांत पंज्याला तीन बोटं, या एकात दोनच. ही माझ्या आईची, केंजेकानची खूण. दुसरं कुणी असं कापत नव्हतं, फक्त तिच्यानंतर बुरुल. आईच्या हातचं शिर्डाक आमच्याकडं एकही उरलेलं नाही. काही झिजली, काहींचे घोड्याच्या खोगिराखाली तुकडे झाले.

"सासूबाई!" बुरुल ओरडली, जशी काही ती दारातून आत आलीय. उपेलला विचारलं तर ती म्हणाली, आजेसासूचं आहे, ती तेरेक-बाशीची लेक होती, लग्नात घेऊन आली होती. मग काय, आनंदीआनंद! पोळी बाजूला ठेवून बुरुल गुडघ्यांवर आली. शिंगांवर हात फिरवला, शिवण नखानं तपासली, वाकून वासही घेतला. बायका कौतुकानं बघत होत्या. मग तिनं डोळे मिटले आणि किनारीच्या शेपट्यांवर बोट ठेवून फिरवायला लागली, पोरींना दाखवते तसं.

बोट अडलं.

पुन्हा मागं घेतलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. ती जिकडं नेत होती तिकडं शेपट्या जात नव्हत्या. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. मी कढईत बघायला लागलो.

आयपेरी फोनवर फोटो काढत होती. बुरुलनं कापलेल्याचे फोटोही तिच्या फोनमध्ये होतेच. दोन्ही शेजारी लावून ती जसा शब्द आला तशी बोलली, "एजे, ही सूर्याच्या चालीनं आहे. म्हणजे आपलीच उलटी!"

शेकेर हसली. वाईट मनाची नाही ती, पण जीभ चपळ. "म्हणजे अख्ख्या गावाला चाळीस वर्षं उलटं बसवलंस की गं बुरुल! आता माझ्या पोरीला तरी सुलटं दे."

सगळ्या हसल्या. बुरुल हसली नाही. ती तिथंच दाराजवळ नीट बसली, पाठ ताठ केली, समोरच्या वरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग उजवा हात उचलला आणि त्या रिकाम्या जागी कुणी बसलंय आणि काहीतरी करतंय, त्याच्यासारखा हवेत फिरवला. आत, बाहेर, वळसा. हळूहळू. एकदा, दोनदा. तंबूत कढई तेवढी चुरचुरत होती.

"ती डावखुरी होती," ती म्हणाली.

तेव्हा मलाही आठवलं. आई चहा देताना, भाकरी देताना उजवाच हात वापरायची, लोक बघतात म्हणून. पण सुरा डाव्या हातात. नव्या सुनेची जागा दाराजवळ, सासूची वर, आणि मध्ये नमदा पसरलेला. आईनं शब्दानं काही शिकवलं नाही. बुरुल एक हिवाळाभर समोर बसून तिचा हात बघत राहिली, पाण्यात बघितल्यासारखा, आणि तसाच आपला हलवत राहिली. पाण्यातलं जसं उतरतं तसंच उतरलं. सून दुसरीकडं बसती तर असं झालंच नसतं. पण बसणार कुठं?

परतीच्या गाडीत गाणी झाली नाहीत. ती खिडकीला टेकून बसली होती. उतरताना मला एवढंच म्हणाली, "स्वागताची चाल. होय ना, मास्तर?"

मी गाडीतली कढई उचलायला वळलो. 

त्यानंतर तीन आठवडे ती कुणाकडं गेली नाही. शेकेरचा मुलगा बोलवायला आला, तर "हात दुखतोय". दुसऱ्या आळीतून आले, तर "डोळ्यांत पाणी येतंय". लग्न वीस दिवसांवर, नमदे भिंतीला गुंडाळून उभे. शेकेरचा धीर सुटला. ती आयपेरीकडं गेली, "तुझ्या फोनमध्ये केंजेकानचं आहे ना? तेच कागदावर काढ आणि कात्रीनं काप. सुलटं होईल, तिची मनधरणीही नको."

आयपेरी माझ्याकडं आली. म्हणाली, "आके, काढता येईल मला. फोनवरून अर्ध्या तासात. एवढंच काय, एजेंचं काढून कागद उलटा केला तरी केंजेकान-एनेंचं होतं. किती सोपं आहे!" आणि मग तिचाच आवाज खाली गेला. "म्हणूनच काढवत नाहीये."

मी तिला म्हणालो, "तासाभरानं बुरुलकडं ये. कागद घेऊनच ये."

आमच्या म्हातारीनं बोरसोक तळले होते. मी फडक्यात बांधून, वर सायीची वाटी घेऊन निघालो. बुरुल चुलीपाशी बसली होती, मांजर मांडीवर. सुरा समोर भिंतीला टांगलेला. त्या सुऱ्याला धार नेहमी मी लावतो. तीन आठवडे तो माझ्याकडं आला नव्हता.

"धार गेली असेल," मी म्हणालो.

"जाऊ दे. कापायचंय कुणाला!"

"बुरुल, माझं चुकलं. ते स्वागताचं मीच रचलं होतं. आई असलं काही बोलली नव्हती."

"ते मला तिथंच कळलं." तिनं बोरसोक घेतला, पण खाल्ला नाही. "तुमचा राग नाही हो, मास्तर. तुम्ही तर देवदूताच्या तोंडीही दोन वाक्यं जास्तीची घालाल. राग माझा मलाच आला. घराघरात जाऊन सांगत राहिले, एक टाका बदललेला नाही. मरणाच्या दारातसुद्धा तेच सांगितलं असतं. आणि सगळंच्या सगळं फिरवून ठेवलेलं."

"आई असती तर म्हणाली असती..."

"पुरे!" तिनं हात वर केला. "ती काय म्हणाली असती ते तुम्ही सांगायचं नाही. आता तरी नाही."

मी गप्प बसलो. खरंच गप्प बसलो. तुम्ही हसताय, पण आमच्या म्हातारीला सांगाल तर तिचाही विश्वास बसणार नाही. चूल धुमसत होती. मांजर उठून सायीच्या वाटीकडं निघालं, तिनं त्याला मागं ओढलं. 

मग ती स्वतःशीच बोलावी तशी बोलली. "मी पहिलं कापलेलं शिर्डाक त्यांनीच घेतलं होतं, ते आठवतं?"

मला आठवत होतं. जोडीतलं एक आमच्या मोठ्या बहिणीकडं गेलं, दुसरं आईनं आपल्या जागेवर अंथरलं. मी फक्त मान हलवली.

"सहा हिवाळे त्यावर बसल्या. जपाचे मणी तुटले त्या वर्षी, तेव्हा नवे आणून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. किनारीच्या शेपट्यांवर बोट फिरवत जप करायच्या. एक शेपटी, एक नाव. रोज. डाव्या हातानं." ती थांबली. "मास्तर, ताश-रबातला माझं बोट एका फेरीत अडलं. त्यांचं सहा वर्षं अडलं नसेल?"

मला किती बोलावंसं वाटलं म्हणून सांगू! जीभ दातांखाली धरून ठेवली.

"कळलं होतं त्यांना," बुरुल म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं असणार. मला एकदा म्हणाल्या असत्या तर मी रात्रीतून हात बदलला असता, एवढी भ्यायचे त्यांना. आणि त्या बोलल्या नाहीत. का बोलल्या नसतील?"

 तिनं बोरसोक सायीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग भिंतीवरचा सुरा काढून अंगठ्यावर धार पाहिली, तोंड वाकडं केलं आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"यानं लोणी तरी कापता येईल का? लावा धार. नुसते बसून माझे बोरसोक खाऊ नका."

"हे माझेच आहेत," मी म्हणालो.

"माझ्या घरात आले ना? मग माझे."

मी दगड ओला करून धार लावायला बसलो आणि दार वाजलं. आयपेरी. काखेत नव्या कागदाची गुंडाळी, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. चुलीपासून चार हात लांबच उभी राहिली, ते बरोबरच होतं म्हणा. शेकेर काय म्हणाली ते तिनं लपवलं नाही, फोनवरून काढता येईल हेही लपवलं नाही. कागद उलटा केला की चाल बदलते हे सांगताना मात्र तिचे डोळे भरून आले.

बुरुलनं सगळं ऐकून घेतलं. मग गुंडाळी मागून घेतली, जमिनीवर उलगडली, चारी कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. कागद खिडकीच्या उजेडात पांढरा दिसत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मी दगडावरचा हात थांबवला. आयपेरीनं खडू काढला आणि हळूच विचारलं, "एजे, मग कुठली काढू? केंजेकान-एनेंची, की तुमची?"

बुरुल म्हणाली, "एकच काढ. या बाजूनं बघितलं की त्यांची, उलटा केला की माझी, दोघींची नावं दोन बाजूंना लिही. शेकेरच्या पोरीला कुठली हवी ते तिलाच विचार, तिच्या आईला नको. पण कापायला मात्र मलाच बोलवायचं, अगदी सकाळी, कुणालातरी पाठवून. कागदाला काय, त्याला ना भूक लागते ना गप्पा लागतात."